सासऱ्यांचे टेबल, नातीचा अभ्यास

घरचा हिशेब



औसा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी एक जुने टेबल आहे. सासऱ्यांनी भूकंपानंतर करून घेतलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जे झाले ते सांगायला नको. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर पडल्या. पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. पुढे मलबा उपसताना ते लाकूड निघाले, विकले गेले आणि नव्या घरांना लागले. या भगिनीचे सासरे मलबा उपसायच्या कामावर होते. मजुरीच्या पैशातून त्यांनी एका वाड्याच्या दोन फळ्या आणि एक तुळईचा तुकडा विकत घेतला आणि मिस्त्रीकडून टेबल करून घेतले. त्याला हिरवा ऑइल पेंट दिला. त्यावर घरातली पोरे शिकली.

आता सासरे नाहीत. टेबलाचा एक पाय हलतो, रंगाचे पोपडे निघतात, वरची फळी तेलाने आणि धुराने काळी झाली आहे. ड्रॉवर पावसाळ्यात उघडत नाही. त्यांचे मिस्टर म्हणतात, “हे भंगार कशाला ठेवायलीस? दोनशे रुपयाला देऊन टाक. हप्त्यावर नवं आणू.” दुकानातले नवे टेबल साडेसहा हजारांचे आहे. मुलगी जूनमध्ये दहावीला जाणार. बाई लिहितात, “मालकांचा शब्द मोडवत नाही आणि टेबल देववत नाही. काय करावं ताई?”

(भगिनी, मालक कुणी कुणाचा नसतो. पण तो विषय पुन्हा कधी.)

या पत्राचे उत्तर त्यांच्या एकटीला लिहून पाठवता आले असते. पण नांदेड-लातूरच्या वस्त्यांत घरोघर हाच प्रश्न आहे. जुने कपाट, बाज, पेटी, खुर्ची. टाकावे की ठेवावे? म्हणून आजचा हिशेब लाकडाचा.

टेबल ही चैनीची वस्तू नाही

आपल्या घरात टेबल-खुर्ची आली तिला फार वर्षे झाली नाहीत. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून न्यायचे आणि रोज परत आणायचे, कारण शाळेतला झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे परळच्या चाळीत एकाच खोलीत सगळा संसार आणि त्यातच त्यांचा अभ्यास. त्याच माणसाने दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी.

गावात पाटलासमोर बाजेवर बसले म्हणून मार खाल्लेली माणसे आपल्या आजोबा-पणजोबांत आहेत. तेव्हा घरात मुलीला बसायला एक खुर्ची आणि वही ठेवायला एक सपाट फळी असणे ही साधी गोष्ट नाही. फक्त ती फळी नवीनच हवी असे नाही, आणि तिच्यासाठी दर महिन्याला हप्तेवाला दारात उभा राहिलाच पाहिजे असेही नाही.

आमची फसगत

आधी माझी चूक सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी थोरल्या मुलासाठी मी नांदेडात जुन्या सामानाच्या एका दुकानातून टेबल घेतले. नऊशे रुपये दिले. आमच्या घरी तेव्हा मोंढ्यातल्या हमालीवर चूल पेटायची. नऊशे म्हणजे महिन्याचा किराणा. टेबल चकचकीत होते, रंगाचा वासही गेला नव्हता. मला वाटले, नव्यासारखे मिळाले. दोन महिन्यांनी पाऊस लागला आणि टेबलाखाली पिवळ्या पिठाचे लहान लहान ढीग दिसू लागले. झाडले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. लाकूड आंब्याचे, आतून किड्यांनी पोखरलेले. दुकानदाराने भोकांत लांबी भरून वरून रंग फासला होता. वर्षाच्या आत पाय मोडला.

तेव्हापासून एक नियम केला. जुने सामान घ्यायचे तर रंग लावलेले घ्यायचे नाही. मळके, ओरखडलेले, उघडे घ्यायचे. मळ धुता येतो. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही.

घेण्याआधी काय पाहावे

सामान उलटे करून पाहावे. टेबलाची खालची बाजू, ड्रॉवरचा मागचा भाग, कपाटाची पाठ इथे सहसा कोणी रंग लावत नाही. खरे लाकूड तिथे भेटते.

साग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि घासला की चामड्यासारखा वास येतो. किनवट-माहूरकडच्या सागाचे जंगल आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे नांदेडच्या जुन्या सामानात साग पुष्कळ सापडतो. बाभूळ जड आणि टणक असते. आंबा हलका, फिकट, आणि त्याला कीड लवकर लागते. आंबा वाईट असे नाही, पण त्याला सागाचा भाव देऊ नये.

भुसा आणि डिंक दाबून केलेला बोर्ड ओळखायला सोपा आहे. कडेची सनमायकाची पट्टी सुटलेली असेल तिथे नखाने खरवडा. बिस्किटासारखा भुगा निघाला की समजावे. त्याला पाणी लागले की तो फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. त्याला घासता येत नाही, पॉलिश करता येत नाही, स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. बाजारातली हप्त्यावरची स्वस्त टेबले बहुतेक याच बोर्डाची असतात. साडेसहा हजारांचे टेबल घेताना औशाच्या भगिनींनी हे पाहावे.

किड्याची भोके दिसली म्हणून लगेच घाबरू नये. कीड जिवंत आहे की मेली ते पाहावे. भोके पुसून घ्यावीत आणि खाली काळा कागद पसरून पंधरा दिवस ठेवावा. कागदावर नवे पीठ पडले तर कीड जिवंत आहे. जुन्या सागात भोके बहुधा कडेच्या फिकट, कच्च्या लाकडात असतात. आतल्या पक्क्या गाभ्याला किडा सहसा तोंड लावत नाही. वाळवीची खूण वेगळी. तिची मातीची नळी लाकडावर चढलेली दिसते.

बाजेत आणि पलंगात ढेकूण पाहावेत. सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत काळे ठिपके असतील तर ते ढेकणाचेच. असे सामान आधी घरात आणूच नये. अंगणात ठेवून सांध्यांत कडकडीत उकळते पाणी ओतावे, चार-पाच दिवस कडक ऊन द्यावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा तेच करावे, कारण अंडी मागून फुटतात.

शेवटी टेबल दोन्ही हातांनी धरून हलवावे. सांधा हलतो आहे म्हणजे लाकूड वाईट नाही. तो सरस सुकलेला असतो, दुरुस्त होतो. पण पाय सांध्यापाशीच चिरलेला असेल तर भाव निम्मा करावा किंवा सोडून द्यावे.

मिळते कुठे? जुन्या सामानाच्या दुकानात तर मिळतेच. पण शाळा, महाविद्यालये, बँका आणि सरकारी कार्यालये निकामी ठरवलेले सामान जाहीर लिलावात काढतात. नोटीस कार्यालयाच्या फलकावर आणि स्थानिक दैनिकात असते. पूर्वीच्या कार्यालयांतली टेबले सागाची असत. लिलावात मात्र सगळा ढीग एकत्र विकतात आणि आधी अनामत भरावी लागते. एकट्याला ते झेपत नाही. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून बोली लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला चांगले टेबल येते.

जुन्या रंगात विष असू शकते

आता जे सांगते ते नीट वाचावे, कारण इथे लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसे घालत. रंग चमकावा, टिकावा, लवकर सुकावा म्हणून. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात बंधन आले ते २०१६ च्या नियमांनी. १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असता कामा नयेत असा नियम लागू आहे. म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसे असेलच असे नाही, पण असू शकते. नुसते पाहून कळत नाही. औशाच्या टेबलाचा हिरवा रंग नव्वदच्या दशकातला. त्यात शिसे आहे असेच धरून चालावे.

कोरड्या कागदाने तो रंग घासला की धूळ उडते, ती श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, शिकण्याची शक्ती कमी करते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच माहीत नाही. मुलीच्या अभ्यासासाठी टेबल घासायचे आणि त्याच धुळीने तिचे डोके मंद करायचे, असे होऊ नये.

म्हणून नियम असे. जुना रंग काढायचे काम मोठ्या माणसाने करावे, तेही घराबाहेर. लहान मुले आणि गरोदर बाई जवळ नको. खाली प्लॅस्टिक अंथरावे. तोंडाला चांगला मास्क लावावा. रंग ओला करून लांबीच्या पटीने खरवडावा आणि वॉटर पेपरने ओलाच घासावा. टेबलावर पाण्याची धार धरायची गरज नाही. लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अर्धी बादली पाणी आणि एक फडके पुरते. निघालेला चिखल प्लॅस्टिकमध्ये बांधून कचऱ्यात द्यावा. तो अंगणात झाडू नये, नालीत सोडू नये. रंगाचे पोपडे किंवा रंगवलेली फळी चुलीत कधीही घालू नये. आगीने रंग जाळून काढू नये. काम झाल्यावर हात-तोंड धुवावे आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.

सगळाच रंग काढायलाही हवा असे नाही. जिथे रंग घट्ट धरून आहे तिथे ओल्या वॉटर पेपरने नुसता खरखरीत करावा, पुसावा आणि वरून नवा रंग द्यावा. जुना रंग खाली बंद होतो. औशाच्या भगिनींना मी हेच सुचवीन. पाय आणि चौकट नव्या ऑइल पेंटने रंगवा. वरची फळी तेवढी मोकळी करून तिला पॉलिश करा.

काही जण कॉस्टिक सोड्याने रंग काढतात. आपण त्या वाटेला जाऊ नये. हात भाजतात, साग काळा पडतो, सांधे सुटतात आणि धुवायला घागरींनी पाणी लागते.

कामाचा क्रम

पहिले काम, सांधे. हलणारा पाय सांध्यातून पूर्ण सोडवावा. जुना सुकलेला सरस खरवडून काढावा. नव्या फेव्हिकॉलला कोरडे, स्वच्छ लाकूड लागते, जुन्या सरसावर तो धरत नाही. फेव्हिकॉल लावून पाय बसवावा. ढिला वाटला तर बारीक पाचर मारावी. शिकंजा नसला तरी अडत नाही. दोरीचे दोन फेरे घेऊन मध्ये काठी घालावी आणि पीळ द्यावा. बाज आवळतो तसेच. पूर्ण एक दिवस हात लावू नये. नुसता खिळा ठोकून पाय बसवण्याची घाई करू नये. खिळा लाकूड चिरतो आणि सांधा महिन्यात पुन्हा हलतो.

दुसरे, कीड. जिवंत असेल तर हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचे तयार औषध मिळते. सिरिंजने ते भोकाभोकांत सोडावे आणि डब्यावर लिहिले आहे तसे वागावे. घरात उरलेले कपाशीचे औषध वापरू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवावे. ज्या फळीवर लेकरू वही आणि भाकरी दोन्ही ठेवणार, तिला शेतातले विष नको.

तिसरे, घासणे. ओले लाकूड सावलीत तीन-चार दिवस सुकू द्यावे. आपल्या वैशाखातल्या उन्हात ओली फळी ठेवली तर ती वाकते किंवा तडकते. रंगाचा अंशही उरला नाही याची खात्री झाल्यावरच कोरडा पॉलिश पेपर घ्यावा. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. नंबर वाढत जातो तसा कागद बारीक होतो. मधला नंबर गाळू नये, कारण ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत आणि पॉलिश लावल्यावर तेच उठून दिसतात. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळावा आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे. आडवे घासले की फळी खराब झाली म्हणून समजा.

चौथे, भेगा. त्याच लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरावा. थोडा उंच भरावा, सुकल्यावर घासून सपाट करावा. जिथे वरून रंगच द्यायचा तिथे साधी लांबी चालते.

पाचवे, ड्रॉवर. अडकतो म्हणून रंधा मारायची घाई करू नये. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. आज तासले तर मेमध्ये ड्रॉवर खुळखुळेल. दोन्ही सरकत्या कडांवर मेणबत्ती घासून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

चपडीचे पॉलिश

पॉलिश अनेक प्रकारचे असते. कमी पैशात, घरी, ब्रशशिवाय करता येते ते चपडीचे म्हणजे लाखेचे. लाख हा झाडावरच्या किड्याचा डिंकासारखा पदार्थ. त्याच्या पातळ पापड्यांना चपडी म्हणतात.

साधारण १५० ग्रॅम चपडीला एक लिटर पॉलिशचे स्पिरिट. एका टेबलाच्या फळीला १०० ग्रॅम पुरते, त्याला साधारण पाऊण लिटरला थोडे कमी स्पिरिट. काचेच्या बरणीत घालून झाकण लावावे, अधूनमधून हलवावे. रात्रभरात विरघळते. मग जुन्या मलमलीतून गाळावे. रंग गडद हवा असेल तर आधी फळीवर पाण्यात कालवलेला गेरू चोळून पुसून घ्यावा आणि सुकू द्यावा.

कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पोटली करावी. ती पॉलिशमध्ये बुडवून पिळावी. गळणारी पोटली फळीवर टेकवू नये. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ हात मारावा आणि उचलावा. ओल्या जागी पुन्हा फिरवू नये, तिथे ओघळ येतो. कोरड्या हवेत अर्ध्या तासात एक हात सुकतो. दोन हात झाले की ३२० नंबरच्या कागदाने अगदी हलके घासावे, पुसावे आणि पुढचा हात द्यावा. असे पाच-सहा हात झाले की फळीतून रेषा वर येतात. ते पाहायला घरातली सगळी माणसे जमतात, हा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत चपडी पांढरी पडते. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. १४ एप्रिलच्या आधी आपण घराला चुना देतोच, त्याच्या आधीच्या आठवड्यात हे उरकावे. म्हणजे आषाढात वर्षावास सुरू होईल तेव्हा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ठेवायलाही तेच टेबल तयार असेल.

चपडीत एक उणेपण आहे. तिला गरम आणि ओले सोसत नाही. चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. तसे झाले तर पोटलीला नुसते स्पिरिट लावून हलका हात फिरवावा. जेवणाच्या टेबलाला मात्र व्हार्निशच द्यावे.

तुमच्या सामानावर आधीच चपडीचे पॉलिश असेल तर सगळे घासण्याचीही गरज नाही. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून पाहा. चिकट झाले, बोळ्याला तांबूस रंग आला, म्हणजे चपडी. मळ पुसून वरून दोन-तीन हात दिले की झाले. दोन तासांचे काम.

काहींच्या घरी जवसाचे तेल लावण्याची रीत आहे. रीत चांगली आहे. पण खाण्याचे कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. हार्डवेअरच्या दुकानातले उकळलेले अळशीचे तेल घ्यावे, पातळ लावावे आणि उरलेले पुसून काढावे.

दोन धोके लक्षात ठेवावेत. अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत. दुसरा धोका स्पिरिटचा. ते पटकन पेटते, म्हणून चूल, गॅस आणि बिडीपासून लांब. आणि ते विष आहे. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. ज्या घरात कुणाला दारूची सवय आहे त्या घरात तर उरलेले स्पिरिट ठेवूच नये. हे सांगताना संकोच वाटतो, पण न सांगणे जास्त वाईट.

हिशेब

धाकट्या मुलीसाठी मागच्या वर्षी केलेल्या टेबलाचा खर्च वहीतून उतरवून देते. जुने सागाचे टेबल ५०० रुपये. रिक्षा १००. पॉलिश पेपर सहा, ९० रुपये. फेव्हिकॉल ६०. स्क्रू ३०. चपडी १०० ग्रॅम, १२० रुपये. स्पिरिट ११०. गेरू १०. एकूण १,०२० रुपये आणि घरच्या माणसांचे चार रविवार. भाव गावोगाव कमी-जास्त असतील. औशाच्या भगिनींचे टेबल तर घरचेच आहे. त्यांना पायांसाठी रंगाचा लहान डबा तेवढा जास्त लागेल.

उंचीचेही पाहावे. खुर्चीवर बसून लिहायचे तर टेबल अडीच फुटांच्या आत-बाहेर असावे. लेकराचे पाय लोंबकळत असतील तर खाली वीट किंवा पाट ठेवावा. घर एका खोलीचे असेल तर पायमोडक्या टेबलाचे चारही पाय सारखे कापून फूटभर उंचीचे बैठे मेज करता येते. अभ्यास झाला की भिंतीला टेकवून ठेवावे, तिथेच रात्री अंथरूण पडते.

हात कुणाचा

एक बाई मला म्हणाल्या, “ताई, हे सुताराचं काम. आपल्याला कसं जमेल?” गावगाड्याने आपल्याला हेच शिकवले. लाकूड सुताराने धरायचे, कातडे चांभाराने, मेलेले ढोर आपण ओढायचे. आणि बाईने तर हत्याराला शिवायचेच नाही. हातातली कला कुठल्या जातीच्या रक्तातून येत नाही, ती केल्याने येते. आय.टी.आय.मध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो आठवी झालेल्यांनाही खुला आहे. सगळ्याच ठिकाणी नसतो, म्हणून आपल्या जवळच्या आय.टी.आय.त चौकशी करावी. वस्तीतल्या एखाद्या तरुणाने शिकून घेतले तर चार घरांची टेबले दुरुस्त करून त्याचेही घर चालेल. आणि मिस्त्रीकडून काम करून घ्यावे लागले तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. घामाची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

आता औशाच्या भगिनींना

ताई, टेबल देऊ नका. ते भावनेसाठी ठेवा असे मी म्हणत नाही. लाकूड चांगले आहे म्हणून ठेवा. वाड्याच्या जुन्या फळ्या आजच्या भावात तुम्हाला आणि मला परवडणार नाहीत.

मिस्टरांशी भांडू नका. वही काढा आणि दोघांनी बसून हिशेब करा. एका बाजूला साडेसहा हजार, त्यावरचे व्याज, आणि एका पावसात फुगणारा बोर्ड. दुसऱ्या बाजूला हजाराच्या आतला खर्च आणि काही रविवार. रंग खरवडायचे काम त्यांनाच द्या. घरच्या कर्त्या पुरुषाने मुलीच्या टेबलासाठी अंगणात बसून घाम गाळावा, शेजारच्यांनी ते पाहावे, यातही शिक्षण आहे. मुलीला त्या दिवशी मावशीकडे पाठवा. रंग निघून फळी स्वच्छ झाली, पुसून झाली, की मग तिला बोलवा. पॉलिशचा एक तरी हात, तुमच्या समोर, तिचा असू द्या.

फळीवर जुन्या खिळ्यांची काळी भोके असतील. ती बुजवायची की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. मी असते तर तशीच ठेवली असती. ज्या वाड्याच्या ओसरीवर आपल्या माणसांना पाऊल ठेवता येत नव्हते, त्या वाड्याची फळी तुमच्या सासऱ्यांनी मजुरीच्या पैशाने विकत आणली. कुणी दान दिली नाही. त्या फळीवर त्यांची नात आता दहावीचा अभ्यास करणार आहे. हे तिला एकदा सांगा. टेबलापेक्षा ते जास्त दिवस टिकेल.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. जमेल तेव्हा लेकरांना घेऊन जा. वस्तू आपोआप टिकत नाहीत, कुणीतरी रोज त्यांची काळजी घेतो म्हणून टिकतात. आपल्या घरातही तेच आहे.

टेबल तयार झाले की दोन ओळी कळवा. वाट पाहते.

जयभीम. जयबुद्ध.